वर्गांतला पृथ्वीगोल

भूगोलाच्या शिक्षकाची एक अडचण फार जुनी आहे. गणिताचा शिक्षक फळ्यावर त्रिकोण काढतो आणि तो खराच त्रिकोण असतो. मराठीचा शिक्षक कविता म्हणून दाखवितो. मुलांच्या कानीं पडते ती खरीच कविता. भूगोलाच्या शिक्षकानें मात्र नाईल नदी कोठून आणावी? हिमालय वर्गाच्या दारांतून आंत कसा घ्यावा? तो बिचारा भिंतीवर नकाशा टांगतो, टेबलावर पुठ्ठ्याचा गोल ठेवतो, आणि बाकीचें सारें मुलांच्या कल्पनाशक्तीवर सोंपवून मोकळा होतो. परीक्षेंत मुलें नदीचें उगमस्थान बिनचूक लिहितात. परंतु ती नदी डोंगर सोडून सपाटीवर येते म्हणजे नेमकें काय होतें, याचें चित्र त्यांच्या मनांत असतेंच असें नाहीं.

या अडचणीवर माणसानें शोधलेले उपाय पाहूं गेल्यास मोठी मौज वाटते. इ. स. १८५१ मध्यें लंडनच्या लेस्टर चौकांत जेम्स वाइल्ड या नकाशे प्रसिद्ध करणाऱ्या गृहस्थानें साठ फूट व्यासाचा एक प्रचंड गोल उभा केला. त्यांतली गंमत अशी कीं, पृथ्वीचें पृष्ठ त्या गोलाच्या बाहेरच्या अंगास नव्हतें, आंतल्या अंगास होतें. प्रेक्षकांनीं आंत शिरावें, जिन्यानें एकेक मजला चढत जावें, आणि आपल्या चहूंकडे उठावानें घडविलेले पर्वत व समुद्र न्याहाळावे. पृथ्वी पाहण्यासाठीं पृथ्वीच्याच पोटांत शिरण्याची ही कल्पना अकरा वर्षें टिकली. १८६२ सालीं तो गोल मोडण्यांत आला. अमेरिकेंतील बोस्टन शहरांत १९३५ सालीं बांधलेला तशाच जातीचा तीस फूट व्यासाचा कांचेचा गोल आजही उभा आहे. त्याच्या मधून जाणाऱ्या पुलावर उभें राहिलें म्हणजे सर्व खंडें एकाच वेळीं आपल्याभोवतीं दिसतात. त्यावरील राज्यांच्या सीमा मुद्दामच १९३५ च्या ठेवलेल्या आहेत, त्यामुळें तेथें अजून फाळणीपूर्वींचा हिंदुस्थान पाहावयास मिळतो.

डोळ्यांना गोड फसवून दूरचा देश जवळ आणण्याची दुसरी युक्ति याच्याही आधींची. चार्ल्स व्हीट्स्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें १८३८ सालीं असें दाखवून दिलें कीं, एकाच वस्तूचीं किंचित् निराळीं अशीं दोन चित्रें डाव्या व उजव्या डोळ्यांस स्वतंत्रपणें दाखविलीं, तर मन त्या दोहोंचें एक चित्र करतें आणि त्यांत खोली दिसूं लागते. त्यांतून निघालेला स्टिरिऑस्कोप पुढें पाश्चात्य देशांत घरोघर पोंचला. जेम्स रिकल्टन नांवाच्या अमेरिकन शाळामास्तरानें कॅमेरा घेऊन पृथ्वीपर्यटन केलें, आणि हिंदुस्थानचा जोडचित्रांचा एक संचही तयार केला. असे संच काढणाऱ्या अंडरवुड कंपनीची एक पद्धति येथें मुद्दाम सांगण्याजोगी आहे. संचाबरोबर नकाशे असत, आणि प्रत्येक चित्र कोठें उभें राहून घेतलें व त्यांत कोठपासून कोठपर्यंतचा प्रदेश दिसतो, हें त्या नकाशावर दोन फांकलेल्या रेघांनीं दाखविलेलें असे. चित्र पाहणारास आपण कोठें उभे आहों व कोणीकडे तोंड करून आहों हें कळलेंच पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष होता. शंभर वर्षांनंतरचीं किती तरी महाग यंत्रें या एका बाबतींत त्या पुठ्ठ्याच्या चित्रांच्या मागें आहेत.

महाराष्ट्रासही हा नाद नवा नाहीं. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें कांचेवर रंगविलेल्या चित्रांचे खेळ दिव्याच्या साहाय्यानें पडद्यावर दाखविण्यास प्रारंभ केला. त्या खेळांत पुराणकथा असत. पण अंधारलेल्या जागेंत बसून पडद्यावरचें दुसरें जग पाहण्याची संवय मराठी माणसाला सिनेमाच्या आधींच लागली होती, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आज वर्गांत जो पृथ्वीगोल येऊं पाहत आहे, तो कागदाचा नाहीं, कांचेचाही नाहीं. तो संगणकाच्या पडद्यावर फिरतो. त्याला आभासी पृथ्वीगोल म्हणतात. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध ‘गूगल अर्थ’. कीहोल नांवाच्या एका लहान अमेरिकन कंपनीनें तयार केलेला हा कार्यक्रम गूगलनें २००४ सालीं विकत घेतला आणि जून २००५ मध्यें नव्या नांवानें सर्वांस खुला केला. नासा या अमेरिकन अंतराळ-संस्थेचा ‘वर्ल्ड विंड’ हा गोल त्याच्याही आधीं, २००४ मध्यें, विनामूल्य मिळूं लागला होता. भारताच्या इस्रो या संस्थेनें ऑगस्ट २००९ मध्यें ‘भुवन’ हें आपलें स्वतःचें दालन उघडलें. त्यांत शाळांसाठीं राखलेला एक भागही आहे.

हा गोल चालतो कसा, हें मुलांस थोडक्यांत सांगितलें तर त्यांचें अर्धें आश्चर्य ज्ञानांत बदलतें. उपग्रहांनीं व विमानांनीं घेतलेलीं असंख्य छायाचित्रें फरशीसारख्या चौकोनी तुकड्यांत कापून ठेवलेलीं असतात. एकाच प्रदेशाच्या अशा फरशांचे थरावर थर असतात. वरच्या थरांत फरशा थोड्या व ढोबळ, खालच्या थरांत पुष्कळ व बारीक. पाहणारा आकाशांतून जसजसा खालीं उतरतो, तसतशा केवळ त्याच्या नजरेसमोरच्या बारीक फरशा दूरच्या संगणकाकडून मागविल्या जातात. बाकीची पृथ्वी त्या क्षणीं जणूं अस्तित्वांतच नसते. या फरशा जमिनीच्या उंचसखलपणाच्या मापांवर चादरीसारख्या पसरल्या, कीं डोंगर उभे राहतात.

आतां खरा प्रश्न, या गोलानें असें काय शिकवितां येतें, जें भिंतीवरच्या नकाशानें येत नाहीं? पहिली गोष्ट प्रमाणाची. मर्केटरच्या पद्धतीनें काढलेल्या जगाच्या नकाशांत ग्रीनलंड आफ्रिकेच्या तोडीचें दिसतें. वास्तविक आफ्रिका त्याच्या सुमारें चौदापट मोठी आहे. ग्रीनलंडचें क्षेत्रफळ सुमारें २१ लक्ष ६६ हजार चौरस किलोमीटर, आणि भारताचें सुमारें ३२ लक्ष ८७ हजार. म्हणजे भारतांत ग्रीनलंड मावून वर पुष्कळ जागा उरेल. हें वाक्य पाठ करून घेण्यापेक्षां गोल फिरवून दाखवावें. तसेंच मुंबईहून न्यूयॉर्कला जाण्याची जवळची वाट कोणती असें विचारल्यास, नकाशा पाहिलेलें मूल अरबस्तान, आफ्रिकेचें वाळवंट व अटलांटिक महासागर असें सरळ पश्चिमेस बोट नेईल. गोलावर दोरा ताणला तर तो रशियाकडे चढतो, स्वीडन व आइसलंड यांवरून जातो, आणि मग खालीं वळतो. ही गोष्ट पुठ्ठ्याच्या गोलावर खऱ्या दोऱ्यानेंही होते, आणि ती आधीं तशीच करून पाहावी. पडद्यावरची रेघ ओढणारें यंत्र असतें. दोरा मुलाच्या हातांत असतो.

दुसरी गोष्ट भूमीच्या चढउताराची, आणि येथें आभासी गोलाला तोड नाहीं. गोल तिरपा करून अरबी समुद्रावरून सह्याद्रीकडे पाहावें. कोंकणाच्या अरुंद पट्टीपलीकडे एकदम भिंतीसारखा उभा राहिलेला कडा दिसतो, आणि त्या कड्याच्या मागें दख्खनचें पठार पूर्वेकडे हळूहळू कलत गेलेलें दिसतें. कृष्णा नदी महाबळेश्वरीं उगम पावते. तेथून अरबी समुद्र शंभर किलोमीटरही दूर नाहीं. तरी ती त्याच्याकडे पाठ फिरवून सुमारें १४०० किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. असें कां, याचें उत्तर पाठ्यपुस्तकांत एका ओळींत असतें. पण तिरप्या केलेल्या गोलावर तें उत्तर मूल स्वतः देतें, आणि देतांना त्याचा हात आपोआप उतरता होतो. मात्र कांहीं कार्यक्रमांत डोंगर आहेत त्याहून दुप्पट तिप्पट उंच करून दाखविण्याची सोय असते. ती चालू असेल तर शिक्षकानें तसें सांगावें. नाहीं तर पुढें खरा सह्याद्रि पाहून मुलांचा हिरमोड व्हावयाचा.

तिसरी गोष्ट काळाची. भिंतीवरचा नकाशा एका क्षणीं थांबलेला असतो. लँडसॅट मालिकेचा पहिला उपग्रह १९७२ सालीं आकाशांत गेला, आणि त्या मालिकेचीं चित्रें २००८ पासून सर्वांस विनामूल्य झालीं. गूगलनें २०२१ सालीं आपल्या गोलांत १९८४ ते २०२० या काळांतील २ कोटि ४० लक्ष उपग्रहचित्रें ओंवून चलच्चित्रासारखीं दाखविलीं. त्यांत अरल समुद्र आटतांना दिसतो. सोव्हिएत राजवटीनें १९६० नंतर कापसाच्या शेतीसाठीं त्याला मिळणाऱ्या अमू दर्या व सीर दर्या या नद्यांचें पाणी वळविलें. त्याचा परिणाम आठ दहा सेकंदांत डोळ्यांपुढून सरकतो. वर्गांत क्षणभर कोणी बोलत नाहीं. या शांततेचा उपयोग करून घेणें हें शिक्षकाचें कसब. कारण तो समुद्र कां आटला, त्याच्या कांठचे मच्छीमार कोठें गेले, हें त्या चित्रांत कोठेंही नाहीं.

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार सरोवराचें उदाहरण या दृष्टीनें फार चांगलें आहे. सुमारें १८०० मीटर व्यासाचें तें जवळजवळ वर्तुळाकार विवर आकाशांतून पाहिलें म्हणजे तें सामान्य तळें नव्हे हें कोणाही मुलास कळतें. पण तें ज्वालामुखीचें तोंड कीं उल्केचा आघात, हा वाद आकाशांतून पाहून मिटला नाहीं. आघातानें बदललेले दगड खोदून तपासल्यावर, १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें उल्केच्या बाजूनें निकाल दिला. जून २०२० मध्यें याच सरोवराचें हिरवट पाणी गुलाबी झालें. उपग्रहांच्या चित्रांत मे अखेरचें हिरवें सरोवर आणि १० जूनचें गुलाबी सरोवर अशीं दोन्ही शेजारीं ठेवून पाहतां येतात. रंग आकाशांतून दिसला, परंतु त्याचें कारण सांपडलें तें कोणी तरी कांठावर उतरून बाटलींत भरून नेलेल्या पाण्यांत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंतील तपासणींत खाऱ्या पाण्यांत वाढणाऱ्या रंगीत सूक्ष्मजीवांचा तो प्रताप ठरला. आभासी गोलावर धडा द्यावयाचा असेल तर तो असा, प्रश्न वरून पडेल व उत्तर खालीं उतरून शोधावें लागेल असा द्यावा.

सरू ब्रायर्ली याची हकीकत श्रोत्यांपैकीं अनेकांनीं ‘लायन’ या २०१६ च्या चित्रपटांत पाहिली असेल. खांडव्याच्या या पांच वर्षांच्या मुलास १९८६ सालीं बऱ्हाणपूरच्या स्टेशनांत आगगाडींत झोंप लागली आणि तो एकटाच हावड्यास पोंचला. गांवाचें नांव त्यास धड सांगतां येईना. पुढें ऑस्ट्रेलियांतील टास्मानियाच्या एका कुटुंबानें त्यास दत्तक घेतलें. मोठा झाल्यावर त्यानें गाडी किती तास चालली असेल याचा अंदाज व त्या काळच्या गाड्यांचा वेग यांचा गुणाकार केला, कोलकात्याभोवतीं वर्तुळ आंखलें, आणि गूगल अर्थवर रुळांच्या रेघा धरून तो वर्षानुवर्षें फिरत राहिला. २०११ सालीं त्यानें बऱ्हाणपूरचें स्टेशन ओळखलें, तेथून रुळांच्या मागोमाग खांडवा गांठला, आणि २०१२ मध्यें आईस भेटला. या गोष्टींत यंत्राचें कौतुक जेवढें करावें तेवढें थोडेंच. पण यंत्रांत बऱ्हाणपूर आधींपासूनच होतें. तेथला पाण्याचा टांका, पादचाऱ्यांचा पूल, नदीची वाट, हें सारें अनवाणी पायांनीं फिरलेल्या एका पोराच्या डोक्यांत होतें म्हणूनच तें सांपडलें. यासाठीं शाळेंतला पहिला धडा मुलाच्या घराच्या छपरापासून सुरू व्हावा. घर, शाळा, ओढा, बाजार यांचा नकाशा मुलानें प्रथम आपल्या आठवणीनें कागदावर काढावा आणि मग गोलावर पडताळून पाहावा. उलट क्रमानें केल्यास तो नुसता नक्कल करील.

येथवर पाहणारा पडद्याच्या बाहेर असतो. त्याला चित्राच्या आंत घालणारीं साधनें ही यापुढची पायरी. गूगलची ‘स्ट्रीट व्ह्यू’ ही सोय मे २००७ मध्यें अमेरिकेच्या पांच शहरांपासून सुरू झाली. मोटारीवर बसविलेले कॅमेरे रस्त्याचें चौफेर चित्र घेत जात. भारतांत २०११ सालीं बंगळुरांत तिचा प्रयत्न झाला तो थांबला, आणि जुलै २०२२ मध्यें ती दहा शहरांत आली. त्यांत मुंबई, पुणें, नाशिक व अहमदनगर होतीं. डोळ्यांवर यंत्र बांधून अशा चित्रांत शिरण्याचा खर्च मोठा असे. २०१४ सालीं गूगलच्या पॅरिस येथील दोघां अभियंत्यांनीं घडीच्या पुठ्ठ्याची एक पेटी केली. तींत दोन भिंगें बसवावीं, मागें मोबाइल सरकवावा, झालें यंत्र. पाहणाऱ्यानें मान फिरविली कीं मोबाइलला तें कळतें आणि चित्रही फिरतें. व्हीट्स्टनचीं जोडचित्रें जणूं मोबाइलांत पुनर्जन्म पावलीं.

पुढच्याच वर्षीं ‘एक्स्पिडिशन्स’ हा कार्यक्रम शाळांसाठीं पुढें आला. त्यांत शिक्षक वाटाड्या होई आणि सारा वर्ग समुद्राच्या तळाशीं किंवा एखाद्या प्राचीन नगरींत एकदम उतरे. देशोदेशींच्या शिक्षकांनीं त्यावर आपले धडे बसविले. आणि मग मार्च २०२१ मध्यें पुठ्ठ्याच्या पेट्यांची विक्री बंद झाली. ३० जून २०२१ रोजीं तो कार्यक्रमही बंद झाला. चित्रांपैकीं बरींच दुसऱ्या दालनांत हलविलीं गेलीं, पण शिक्षकांनीं मेहनतीनें बांधलेली वाटचाल मोडली ती मोडलीच. अंडरवुडच्या चित्रांची पेटी एखाद्या ग्रंथालयाच्या कपाटांत अजूनही निघेल व तिचा उपयोग करतां येईल. सहा वर्षांपूर्वींचा हा धडा मात्र आज कोणासही उघडतां येत नाहीं. परक्याच्या अंगणांत लावलेल्या झाडाची ही गत ठरलेलीच आहे. म्हणून ज्या शाळेला हीं साधनें घ्यावयाचीं असतील, तिनें धड्याचे प्रश्न, क्रम व टिपणें आपल्या वहींत लिहून ठेवावीं, आणि चित्रें कोठून येतात ही गोष्ट दुय्यम मानावी.

चित्राच्या आंत शिरल्यानें मूल अधिक शिकतें काय, याविषयीं विक्रेत्यांचें मत सर्वांस ठाऊक आहे. संशोधकांचें मत तितकें सरळ नाहीं. कॅलिफोर्निया विद्यापीठांतील जॉसलिन पॅराँग व रिचर्ड मेयर यांनीं २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कांहीं विद्यार्थ्यांस डोळ्यांवरील यंत्रांतून शरीरांतील रक्तप्रवाहाची व पेशीची सफर घडविली आणि इतरांस तोच मजकूर साध्या सरकचित्रांतून दिला. सफर केलेल्यांस विषय अधिक आवडला. परीक्षेंत मात्र सरकचित्रवाले सरस ठरले. त्याच संशोधकांनीं दुसऱ्या प्रयोगांत सफरीचे टप्पे पाडले आणि प्रत्येक टप्प्यानंतर पाहिलेल्याचा सारांश लिहावयास लावला, तेव्हां न थांबतां पाहणाऱ्यांपेक्षां हे विद्यार्थी पुढें गेले. गुइडो माक्रान्स्की यांनीं मेयरप्रभृतींसह ५२ विद्यार्थ्यांवर केलेला २०१९ चा प्रयोगही त्याच दिशेनें बोट दाखवितो. तेथें प्रत्यक्ष उपस्थित असल्याची भावना वाढली, पण शिकणें घटलें. देवळांत गर्दींतून दर्शन घेऊन बाहेर आलेल्या माणसास मूर्तीच्या हातांत काय होतें असें विचारावें, तसाच हा प्रकार. डोळे भरून पाहणें आणि लक्ष देऊन पाहणें या दोन क्रिया निरनिराळ्या आहेत.

शिवाय शरीराचीही एक तक्रार असते. डोळे सांगतात आपण चाललों, कान सांगतात आपण बसलेलों आहों. त्या भांडणांत कित्येकांस मळमळतें. चष्मा लावणाऱ्या, मान न फिरवितां येणाऱ्या किंवा केवळ भिणाऱ्या मुलास ‘तूं घालच’ असा आग्रह कोणी करूं नये. लहान मुलांनीं हीं यंत्रें वापरूं नयेत अशी वयाची अट कारखानदार स्वतःच छापतात. घरांतील वडीलधाऱ्यांनीं तेवढी तरी ती वाचावी.

आणखी एक गोष्ट वर्गांत उघडपणें सांगितली पाहिजे. आभासी गोल हें पृथ्वीचें एक छायाचित्र नव्हे. तें वेगवेगळ्या दिवशीं घेतलेल्या तुकड्यांची गोधडी आहे. एका शिवारांत उन्हाळा व शेजारच्या शिवारांत पावसाळा दिसतो तो यामुळेंच. ढग बहुधा पुसून टाकलेले असतात. सीमारेषा तर माणसांनींच काढलेल्या. गूगलच्या नकाशांत काश्मीरची सीमा भारतांतून पाहणाऱ्यास अखंड रेघेनें दिसते आणि इतर देशांतून पाहणाऱ्यास तुटक रेघेनें. नवव्या दहाव्या इयत्तेच्या मुलांस हें दाखवून त्यावर बोलावयास लावलें, तर नागरिकशास्त्राचा एक तास सत्कारणीं लागेल.

ज्या शाळेंत चाळीस मुलांमागें एकच यंत्र आहे, तिनें खंत करण्याचें कारण नाहीं. किंबहुना एकच असणें हें धड्याच्या दृष्टीनें सोयीचें. एका मुलीनें तें डोळ्यांवर चढवावें आणि ईजिप्तमधील गीझा येथें उभें राहावें. बाकीच्यांना कांहींच दिसत नाहीं, म्हणून तिनें बोलावें व त्यांनीं वहींत काढावें. ‘पुढें स्फिंक्स आहे, मागें पिरॅमिड, खालीं वाळू.’ येथवर सर्वांचीं चित्रें पाठ्यपुस्तकांतल्यासारखींच होतात. मग शिक्षकानें तिला मागें वळावयास सांगावें. पुस्तकांतल्या चित्रांत पिरॅमिडांभोवतीं नुसतें वाळवंट असतें. येथें वळून पाहतां पलीकडे दाट वस्तीचें शहर लागतें. वर्गांत एकच गलका उठतो, खोडरबरें निघतात, ‘घरें किती मजल्यांचीं? रस्ता आहे का? किती लांब?’ असे प्रश्न सुटतात, आणि तिला एकेक गोष्ट पुन्हां निरखून सांगावी लागते. तिनें तीन मिनिटांनीं यंत्र उतरवावें. त्यानंतर सर्वांनीं आपापल्या वह्या बाकावर शेजारीं शेजारीं मांडाव्या, आणि स्फिंक्सचें तोंड कोणी उत्तरेस काढलें, कोणी पूर्वेस काढलें, याचा निकाल भिंतीवरच्या नकाशापुढें उभें राहून लावावा.